आधी घर, मग विमान

सावेडीहून मनमाड रस्त्याने निघालेला माणूस शिर्डीच्या बाजूला वळला, की काकडीचा विमानतळ लागतो. १ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथली वाहतूक सुरू झाली ती अलायन्स एअरच्या एटीआर विमानांनी. एटीआरची जुळणी होते फ्रान्समधल्या तुलूझ शहरात. त्या शहरात पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानांचा कारखाना घातला तो लातेकोएर नावाच्या, रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखानदाराने. फ्रेंच विमानांच्या इतिहासाचे दार आपल्यासाठी इतके जवळ आहे.

पंखांची लांबी, अश्वशक्ती, वेग यांची कोष्टके पुढे भेटतीलच. नवख्याने आधी विमान बांधणाऱ्यांचे घर पाहावे, असे मला वाटते.

फार्मांचे घर घ्या. वडील पॅरिसमध्ये स्थायिक झालेले इंग्रज वार्ताहर. मुले आँरी, मोरिस आणि डिक. पहिले दोघे आधी सायकलच्या आणि मग मोटारींच्या शर्यतींत गाजले. १३ जानेवारी १९०८ रोजी आँरीने व्हॉयझँ बंधूंच्या विमानातून एक किलोमीटरचा फेरा पुरा केला, आणि पुढे भावांनी स्वतःचाच कारखाना काढला. त्यांचे 'गोलियाथ' हे मुळात बॉम्बफेकी विमान. युद्ध संपले, तेव्हा भावांनी त्यात प्रवाशांच्या खुर्च्या मांडल्या. ८ फेब्रुवारी १९१९ ला ते पॅरिसहून लंडनजवळ उतरले. नागरी उड्डाणाला अजून परवानगी नव्हती, म्हणून प्रवासी सगळे लष्करी! प्रवाशांच्या दोन खोल्या, मध्ये उघड्यावर वैमानिक. उतारू काचेआड आणि हाकणारा वाऱ्यापावसात. टांगेवाल्याची गत याहून वेगळी नव्हती.

विमाने बांधणारे दुसरे, ब्रेगे, घड्याळजींच्या कुळातले. विमाने बांधणाऱ्या कोद्रों भावांपैकी गास्तों १९१५ मध्ये विमान अपघातात गेला, रनेने कारखाना चालू ठेवला.

आपल्याकडचा धागा टाटांचा. जेआरडींची आई सुझान फ्रेंच. फ्रान्समधल्या आर्देलोच्या किनाऱ्यावर टाटांचे सुट्टीतले घर, आणि तिथेच फ्रेंच वैमानिक ब्लेरिओचेही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. विमान मात्र इंग्रजी, पुस मॉथ. फ्रान्सप्रेमी वाचकाने हे मुकाट्याने सोसावे.

फार्मांची प्रवासी सेवा १९३३ मध्ये एअर फ्रान्समध्ये मिसळली. टाटांची कंपनी १९५३ मध्ये सरकारजमा झाली. २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांच्या घरी परत आली. काकडीला पहिली उतरलेली अलायन्स एअर मात्र सरकारकडेच राहिली.

— सावेडी, अहिल्यानगर