गोचिडीचा ताप : न लाभलेल्या लसीची गोष्ट

गुरांच्या कानात किंवा कुत्र्याच्या मानेखाली वाटाण्याएवढी फुगलेली गोचीड पाहिली नाही, असा विद्यार्थी सोलापूर जिल्ह्यातल्या खेड्यात सापडणे कठीण. हीच गोचीड माणसालाही चावते आणि चावताना रिकेट्सिया कोनोराय नावाचा जिवाणू शरीरात सोडू शकते. हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सणसणून ताप, डोकेदुखी आणि काही दिवसांनी तळहात-तळपायांसकट अंगभर पुरळ, ही त्याची लक्षणे. सोलापूर आणि अकोला येथील बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली मुलांमधील अशा तापांविषयी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिले. निदानाला उशीर झाला, तर मूल दगावू शकते.

आजार नवा नाही. ट्यूनिस येथे कोनोर आणि ब्रूख यांनी १९१० साली त्याचे वर्णन केले. जिवाणूच्या नावात आज कोनोर यांचेच नाव आहे. भारतात जॉन मेगॉ यांनी १९२१ साली ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये टायफससारख्या एका तापाबद्दल लिहून तो गोचिडीमुळे पसरत असावा, अशी शंका व्यक्त केली. मग शंभर वर्षांत लस का झाली नाही?

लसीचा प्रयत्न अमेरिकेत झाला. तिथे याच जिवाणूचा अधिक जहाल भाऊबंद, रिकेट्सिया रिकेट्सी, मोंटाना राज्यातल्या बिटररूट खोऱ्यात माणसे मारत होता. रिकेट्सिया पेशीच्या आत शिरूनच वाढतो, साध्या पोषकद्रव्यावर वाढत नाही. मग लसीसाठी तो आणायचा कुठून? स्पेन्सर आणि पार्कर यांनी उत्तर काढले : गोचिडीतून! एका ओस पडलेल्या शाळेच्या इमारतीत (शिक्षक वाचकांना हे विशेष वाटेल) त्यांची प्रयोगशाळा होती. रोगबाधित गोचिडी वाटून त्यात फिनॉल घालून जिवाणू मारायचे, अशी ती लस. १९२४ साली स्पेन्सर यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. या कामात प्रयोगशाळेतले काही सहकारी त्याच तापाने गेले. पुढे १९३८ साली हेराल्ड कॉक्स यांनी रिकेट्सिया कोंबडीच्या गर्भ असलेल्या अंड्याच्या बलकपिशवीत वाढवून दाखवला आणि गोचिडी वाटण्याची गरज संपली.

या लसी अनेक वर्षे वापरात होत्या. पण १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लस टोचलेल्या स्वयंसेवकांना मुद्दाम जिवाणू दिले, तेव्हा त्यांनाही ताप आला. इतकी वर्षे दिलेला दिलासा कच्चा होता.

आता प्रश्न बदलला. अख्खा मेलेला जिवाणू टोचण्यापेक्षा त्याच्या अंगावरचे नेमके कोणते रेणू आपल्या शरीराने ओळखले म्हणजे संरक्षण मिळते? इथे एक गंमत आहे. आपल्या जिल्ह्यांच्या ठिकाणी या तापासाठी वापरली गेलेली वाइल-फेलिक्स चाचणी १९१६ सालची. तिच्यात रुग्णाचा रक्तद्रव प्रोटिअस नावाच्या भलत्याच जिवाणूच्या गुठळ्या करतो. कारण दोघांच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त रेणूंत साम्य आहे. अंगावरची एक खूण निदानाला उपयोगी पडते, पण तीच खूण लसीलाही उपयोगी पडेल असे नाही. चाचणी चुकतेही पुष्कळदा.

लसीच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली ती पृष्ठभागावरची दोन मोठी प्रथिने, ओम्प-ए आणि ओम्प-बी. जिवाणू पेशीला चिकटण्यासाठी ती वापरतो. उंदरांना वाचवणारी प्रतिपिंडे या प्रथिनांचा आकार ओळखतात आणि उष्णता दिली की तो आकार मोडतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक पुन्हा पातळ होत नाही, तसेच हे. १९८७ साली मॅकडोनल्ड, अनॅकर आणि गार्जियन यांनी रिकेट्सी जिवाणूच्या पृष्ठप्रथिनाचे जनुक ई. कोलायमध्ये घालून ते प्रथिन बनवले. ते टोचलेले उंदीर प्राणघातक मात्रेतूनही वाचले. १९९० साली विश्वनाथ, मॅकडोनल्ड आणि वॉटकिन्स यांनी कोनोरायच्या प्रथिनाने गिनीपिगांना कोनोरायपासून पूर्ण, तर रिकेट्सीपासून अंशतः संरक्षण दिले. सोलापूरच्या दृष्टीने हा प्रयोग मोलाचा, कारण तो आपल्याच जिवाणूचा.

तरीही माणसासाठी लस आली नाही. प्रतिपिंडे जिवाणूला पेशीबाहेर गाठू शकतात. तो आत शिरला की टी-पेशींची गरज लागते आणि प्रथिनाचा एखादा तुकडा दोन्ही बाजू सांभाळेलच असे नाही. शिवाय औषध स्वस्त आहे आणि रुग्ण बहुधा खेड्यातला, त्यामुळे लस बनवणाऱ्याला बाजार दिसत नाही. माझ्या मते दुसरे कारण पहिल्याहून जड आहे. लाइम या दुसऱ्या गोचिडीजन्य रोगाच्या पृष्ठप्रथिनाची लस अमेरिकेत १९९८ साली मंजूर झाली खरी, पण २००२ साली उत्पादकानेच ती बाजारातून काढली.

तोवर डॉक्सिसायक्लिन हाच आधार. पेनिसिलीन इथे चालत नाही. जुन्या टेट्रासायक्लिनने मुलांचे दात पिवळे पडत, म्हणून या औषधाचीही धास्ती घेतली जाई. पण या तापात लहान मुलांनाही ते द्यावे, असा आता तज्ज्ञांचा सल्ला आहे. ताप आलेल्या मुलाच्या तळहातावर पुरळ दिसले, तर घरात गुरे-कुत्री आहेत का आणि अंगावर गोचीड सापडली होती का, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. चाचणीच्या निकालाची वाट न पाहता औषध सुरू करावे लागते.