आज्ञापत्रांतील राजनीति व तिचे वारस

पूर्वजांच्या तत्त्वांचें नांव न घेणारा राज्यकर्ता इतिहासांत विरळा. आणि त्या तत्त्वांपायीं स्वतःची सोय सोडणारा त्याहूनही विरळा. हें विधान सर्व देशांस लागू असलें तरी मराठ्यांच्या इतिहासांत त्याची परीक्षा पाहण्यास एक विशेष साधन उपलब्ध आहे. तें म्हणजे रामचंद्रपंत अमात्य यांचें आज्ञापत्र होय. शिवछत्रपतींच्या पदरीं कारभार शिकलेल्या, व पुढें संभाजी आणि राजाराम यांच्या काळांतील संकटें डोळ्यांनीं पाहिलेल्या या वृद्ध मुत्सद्द्यानें इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नांवें हा ग्रंथ सिद्ध केला. राज्य कसें मिळालें व तें कसें राखावें, याविषयींचा जुन्या पिढीचा निष्कर्ष त्यांत एकत्र आला आहे. म्हणून पुढील पुढाऱ्यांनीं परंपरा कितपत पाळली हें तोलावयाचें झाल्यास हाच कांटा हातीं घेणें युक्त होय.

येथें एक आक्षेप संभवतो. आज्ञापत्र हें कोल्हापूर दरबारचें. सातारच्या शाहूचे प्रधान जे पेशवे, त्यांस तें बंधनकारक कसें? आक्षेप वरवर बरोबर आहे. परंतु आम्ही येथें कागदाचें बंधन पाहत नसून त्यांतील तत्त्वांचें पाहत आहों. आणि तीं तत्त्वें ज्या थोरल्या महाराजांच्या आचरणांतून निघालीं, त्यांचे वारस म्हणवून घेण्यांत सातारा व कोल्हापूर या दोन्ही गाद्यांची अहमहमिका होती. वारसा सांगणाऱ्यानें वारशाच्या कसोटीस उतरण्यास कां कूं करूं नये.

ग्रंथांत दुर्ग, आरमार, वतनदार, सावकार इत्यादि अनेक प्रकरणें आहेत. त्यांपैकीं दोन तत्त्वें आम्ही विचारास घेतों. पहिलें भूमीविषयींचें. चाकरानें चाकरी चोख केली तर त्यास द्रव्य द्यावें, बढती द्यावी. परंतु गांव किंवा जमीन वंशपरंपरेनें तोडून देऊं नये, कारण दिलेली भूमि राज्यांतून कायमची उणी होते. दुसरें टोपीकरांविषयींचें. इतर सावकार हे केवळ सावकार असतात. इंग्रज, फिरंगी, वलंदेज, फरांसीस यांच्या पाठीशीं मात्र त्यांचे राजे असतात. यास्तव त्यांच्याशीं व्यापारापुरताच संबंध ठेवावा. वखारीस जागा देणें पडलेंच तर समुद्रापासून दूर, आंतील भागांत द्यावी. खाडीच्या मुखावर किंवा किल्ल्याजवळ कदापि देऊं नये. एकदां हातीं आलेली जागा हे लोक सोडीत नाहींत, हा त्यामागील अनुभव.

आतां पहिल्या तत्त्वाची कथा पाहूं. जिंजी येथें राजारामांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासदाच्या बखरींत, थोरल्या महाराजांनीं सैन्याचीं वेतनें रोख किंवा वरातीनें देण्याची घातलेली शिस्त वर्णिली आहे. नवल असें कीं, त्याच जिंजीच्या दरबारांतून त्याच दशकांत वतनांच्या व इनामांच्या सनदा सुटत होत्या. १६८९ मध्यें संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजारामांस दक्षिणेस जावें लागलें. खजिना रिता होता, आणि औरंगजेब मराठे सरदारांस वतनांचें आमिष दाखवून फोडीत होता. अशा वेळीं हुकुमतपनाह या पदवीनें महाराष्ट्रांतील कारभार चालविणारे पुरुष कोण? हेच रामचंद्रपंत! भूमि देऊं नये असें ज्यांनीं पुढें लिहिलें, त्यांच्याच कारकीर्दींत ती दिली गेली.

यावरून त्यांच्यावर दांभिकपणाचा आरोप करणें सोपें आहे. आमच्या मतें तो अन्याय होईल. महाभारताच्या शांतिपर्वांत आपद्धर्माचें स्वतंत्र प्रकरण आहे. घोर दुष्काळांत विश्वामित्रासारख्या ऋषीनें श्वानमांसाकडे हात नेला, ही कथा तेथेंच येते. पण पाऊस पडल्यावरही तेंच त्याचें नित्याचें अन्न झालें असें व्यासांनीं सांगितलेलें नाहीं. संकटांत मर्यादा ओलांडण्याची मुभा शास्त्र देतें, परंतु ती संकटापुरतीच. आपत्तींत जें करावें लागलें तें पुढें नियम होऊन बसूं नये, या हेतूनेंच अमात्यांनीं हें प्रकरण इतक्या कळकळीनें लिहिलें, अशी आमची समजूत आहे.

दुर्दैवानें तें नियमच होऊन बसलें. १७१९ मध्यें बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. औरंगजेब मरून बारा वर्षें झालीं होतीं. जुन्या शिस्तीकडे वळावयाचें तर संधि हीच होती. परंतु वसुलाची वांटणी सरदारांत झाली, आणि त्यांचे सरंजाम व्यवहारांत पिढीजात बनले. बाळाजीपंतांची अडचण खोटी नव्हती. सरदारांस राजी राखल्यावांचून शाहूची गादी टिकती ना. पण राजी राखण्याचा तो उपाय एकदां लागू पडल्यावर त्याच्या मागें येणाऱ्यांपैकीं कोणींही तो मोडला नाहीं. १८०३ मध्यें शिंदे व नागपूरकर भोसले इंग्रजांशीं लढत असतां होळकर स्वस्थ बसले, याचें बीज या वांटणींत आहे. ज्याचा प्रांत त्याचें युद्ध, असा हिशेब तोंवर रूढ झाला होता.

दुसऱ्या तत्त्वाची कथा अधिक कष्टदायक आहे. तुळाजी आंग्रे पेशव्यांस जुमानीत नव्हते, हें खरें. त्यांस वठणीवर आणण्यासाठीं नानासाहेब पेशव्यांनीं १७५५ मध्यें मुंबईकर इंग्रजांशीं करार केला. त्या वर्षीं सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला, आणि तुळाजीचें आरमार आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. विजयदुर्ग हातीं येण्यास पेशव्यांस ऑक्टोबरपर्यंत तिष्ठत बसावें लागलें. बाणकोट तर इंग्रजांकडेच राहिलें. बाणकोट म्हणजे सावित्रीचें मुख. ज्या तऱ्हेची जागा टोपीकरांस देऊं नये असें अमात्यांनीं बजाविलें होतें, नेमकी तीच ही जागा. आरमार हें राज्याचें स्वतंत्र अंग, अशीही आज्ञापत्राची शिकवण. तें अंग परक्यांच्या हातून छेदविलें गेलें.

पुढील पायऱ्या सर्वश्रुत आहेत. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं अपार रक्त सांडून फिरंग्यांकडून वसई घेतली. तीच वसई साष्टीसह इंग्रजांस देण्याचें वचन त्यांचेच पुतणे रघुनाथराव यांनीं १७७५ च्या सुरतेच्या तहांत दिलें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें वसई वांचली, साष्टी गेली. अखेर १८०२ च्या डिसेंबरांत, होळकरांपुढून पळालेल्या दुसऱ्या बाजीरावांनीं त्याच वसईंत बसून सहा हजार इंग्रजी पायदळ पदरीं घेतलें व त्याच्या खर्चास सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला. भूमि देऊं नये आणि टोपीकरांस आंत घेऊं नये, हीं दोन्ही तत्त्वें एकाच कागदावर एकाच दिवशीं बुडालीं.

या पुढाऱ्यांत नाना फडणिसांचा दाखला निराळा आहे. साष्टी त्यांच्याच कारभारांत गेली, आणि १७९० मध्यें टिपूविरुद्ध त्यांनीं इंग्रजांशीं सख्य केलें, हें आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु टिपूचें युद्ध संपतांच तें सख्य कामापुरतेंच ठेवण्याची दक्षता त्यांनीं घेतली, आणि १८०० मध्यें त्यांचें देहावसान होईतों इंग्रजी तैनाती फौज पुण्यांत शिरूं दिली नाहीं. वकील ठेवला, पलटण ठेवली नाहीं. आपद्धर्म कोठें संपतो याचें भान ज्यास होतें, असा हा पुरुष.

यावरून आमचा निष्कर्ष असा. परंपरा मोडणाऱ्या यांपैकीं एकानेंही ती मोडतों आहों असें म्हटलें नाहीं. प्रत्येकास प्रसंग होता, आणि पुष्कळांचा प्रसंग खराही होता. म्हणून पुढाऱ्याची तत्त्वनिष्ठा त्याच्या मुद्रेवरून, मायन्यावरून किंवा पूर्वजांच्या नामोच्चारावरून ठरवितां येत नाहीं. अपवाद केला कीं नाहीं, एवढ्यावरूनही ती ठरत नाहीं. संकट टळल्यावर केलेला अपवाद त्यानें परत घेतला काय, हाच प्रश्न विचारावयास हवा.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. आपल्या रुमालांत पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें भूमि दिल्याच्या ज्या सनदा आपण जिवापाड जपून ठेविल्या आहेत, त्यांकडे केवळ घराण्याचें भूषण म्हणून पाहूं नये. पूर्वजांचा पराक्रम त्यांत आहेच. पण त्याबरोबर राज्यानें आपलें एक तत्त्व कोणत्या दिवशीं व कोणत्या निकडीनें सोडलें, याची पावतीही त्यांत आहे. तारखा लावून अशा सनदांची यादी कोणी केल्यास, संकटाच्या वर्षांत किती सुटल्या व सुबत्तेच्या वर्षांत किती, हें उघड होईल. आणि आम्ही वर मांडलेला निष्कर्ष खरा कीं खोटा, याचा निकाल तीच यादी देईल.