पेल्याबाहेरचे पाणी

बर्फ घातलेल्या पेल्याला बाहेरून घाम येतो. हे पाणी आले कुठून? वर्गात विचारले, की ‘आतून झिरपले’ हे उत्तर हमखास येते. माठ झिरपताना पाहिलेल्या मुलांचे हे उत्तर काही वेडगळ नाही. (पेल्यात रंगीत पाणी घेऊन पाहा. बाहेरचे थेंब बिनरंगीच निघतात.)

हा घाम मोजण्याचे उपकरणच फ्लॉरेन्सच्या ‘अकादेमिया देल चिमेंतो’ या १६५७ साली स्थापन झालेल्या संस्थेत होते. शंकूच्या आकाराच्या काचेच्या भांड्यात बर्फ भरायचा आणि बाहेरून ओघळून टोकाशी ठिबकणारे पाणी मापात धरायचे. हवेत पाणी असते, हे त्यातून दिसले. पण ते कोणत्या रूपात असते?

१७५१ साली फ्रान्समधील माँपेलियेच्या शार्ल ल रॉय याने उत्तर दिले : पाण्यात मीठ विरघळते तसे हवेत पाणी विरघळते. घट्ट बंद केलेल्या बाटलीतली दमट हवा गार झाली, की आत दव धरते. ऊब मिळाली, की ते नाहीसे होते. किती पटण्यासारखे!

ते न पटलेला माणूस म्हणजे मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून पोट भरणारा जॉन डाल्टन. त्याची साधने आपल्याही आवाक्यातली होती. काचेच्या उंच भांड्यात तो झऱ्याचे थंड पाणी भरी. बाहेर लगेच दव आले, तर पाणी ओतून थोडे कोमट होऊ देई, भांडे फडक्याने कोरडे पुशी आणि तेच पाणी परत भरी. दव धरायचे थांबेपर्यंत हाच उद्योग! मग पाण्याचे तापमान पाही. यालाच आपण दवबिंदू म्हणतो.

खरा घाव मात्र दुसऱ्या प्रयोगाने घातला. वायुभारमापकाच्या नळीत पाऱ्यावर निर्वात पोकळी असते. तिथे थोडे पाणी सोडले, की वाफ होऊन पारा खाली ढकलला जातो. २५ अंश सेल्सिअसला सुमारे २४ मिलिमीटर. तिथे तर हवाच नव्हती! मग पाणी विरघळले कशात? कोंडलेल्या कोरड्या हवेत पाणी सोडले, तरी दाब तेवढाच वाढतो. म्हणजे वाफ हा हवेत मिसळलेला, पण आपला दाब स्वतंत्रपणे देणारा वायू आहे. हे निबंध डाल्टनने १८०१ साली वाचले. वायूंच्या मिश्रणाचा हाच विचार त्याला पुढे अणूंपर्यंत घेऊन गेला.

भूगोल शिकवताना आपण ‘हवेची बाष्पधारण क्षमता’ म्हणतो, तो शब्द मात्र ल रॉयच्या घरचा आहे. ‘पण बाई, पोकळीत वाफ कोण धरून ठेवतं?’ असे एखाद्या मुलीने विचारलेच, तर ती डाल्टनच्या बाजूची आहे.