मंथरेची पाठ आणि मयूरीचा पाय

अंधेरीहून बोरिवलीकडे जाणाऱ्या लोकलच्या डब्यात एखादा अंध गायक चढतो, बोटांत दोन चिपा वाजवीत गाऊ लागतो. गळा पुष्कळदा चांगला असतो. पण पहिली ओळ संपायच्या आतच आपला हात खिशाकडे जातो. पैसे आपण गाण्याला देत नाही, आंधळेपणाला देतो. या सवयीमागे मोठा इतिहास आहे.

व्यंगाकडे पाहण्याचे दोन साचे आपल्याकडे पूर्वापार चालत आले. एक सूरदासाचा : दृष्टी नाही म्हणजे माणूस संतच. दुसरा मंथरेचा : पाठ वाकडी, म्हणून मनही वाकडे. १९८७ साली दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'रामायण' मालिकेत गंमत अशी, की संगीत जन्मांध रवींद्र जैन यांचे होते आणि मंथरा झाल्या होत्या ललिता पवार.

ललिताबाई तरुणपणी नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, तरी डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कामे गेली आणि त्या डोळ्यामुळे पडद्याने बाईंना खाष्ट सासू करून टाकले. १९५९ च्या 'अनाडी'त त्याच डोळ्यांनी त्यांनी मायाळू मिसेस डिसा उभी केली, फिल्मफेअर पारितोषिकही मिळवले. पण लोकांच्या मनात राहिली ती सासूच. आता सांगा, दोष कोणाच्या नजरेत होता?

पुढची पिढी मुंबईच्या सुधा चंद्रन यांची. १९८१ साली तमिळनाडूत बसला अपघात झाला, जखम चिघळली आणि कोवळ्या वयात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हा कामी आला तो 'जयपूर फूट'. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला होता. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचा. आपली माणसे मात्र अनवाणी चालतात, उकिडवी बसतात, मांडी घालतात. हे ओळखून हा रबरी पाय घोट्यात लवचीक केलेला होता. भरतनाट्यम् तर गुडघे वाकवून, उघडे पाऊल जमिनीवर आपटून करायचे! १९८४ साली सुधाताई पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, त्यामागे त्यांची जिद्द होती तशी त्या कारखान्यातली अक्कलही होती. पुढे तेलुगू 'मयूरी'त आणि १९८६ च्या हिंदी 'नाचे मयूरी'त त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.

इथे तिसरा साचा जन्मला : चमत्काराचा. लोक नाच पाहीनात, पाय पाहू लागले! तोही साचा मोडला तो २००१ सालच्या 'कहीं किसी रोज' मालिकेत. सुधाताई तिथे पुन्हा एक खाष्ट सासूच झाल्या. पण त्या दुष्टपणाचा पायाशी काडीइतका संबंध नव्हता. चर्चा झाली ती त्यांच्या भल्यामोठ्या टिकल्यांची. ललिताबाईंना जे लाभले नाही, ते हेच.

कायदाही हळूहळू चालत आला. १९९५ च्या अधिनियमात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या अधिनियमात एकवीस झाले. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटांसंबंधी बजावले, की अपंगत्व समजावून देणारा विनोद वेगळा आणि हिणवणारा वेगळा. तरी २०२१ साली याच सुधाताईंना, विमानतळावर दर वेळी पाय काढून दाखवावा लागतो, अशी जाहीर तक्रार करावी लागली होती!

तेव्हा श्रोतेहो, उद्या गाडीत तो गायक आला, तर पैसे जरूर द्या. पण आधी गाणे ऐका. आवडले तर तसे सांगा. आणि बेसूर असेल, तर बेसूर म्हणण्याइतका मानही त्याला द्या.