रोबोटच्या पोटातली वेठ

बांधकामावर मिस्तरीच्या हाताखाली घमेलं वाहतो त्याला आपण बिगारी म्हणतो. संध्याकाळी तो हजेरीचे पैसे मोजून घेतो, तरी नाव बिगारीच. बेगार म्हणजे सक्तीचं, बिनमजुरीचं काम. शब्द फारसीतून आला. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे वेठ होती, संस्कृतातल्या 'विष्टी'ची लेक. इ. स. १५०च्या सुमाराच्या जुनागढच्या लेखात रुद्रदामन मोठ्या अभिमानाने नोंदवतो, की सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध आपण प्रजेला वेठीला न धरता बांधून काढला. वेठीला न धरणं दगडावर कोरून ठेवावंसं वाटलं, म्हणजे धरणं किती नित्याचं असेल! पुढे मराठीने वेठ आणि बिगार एकाच जुवाला जुंपली.

'रोबोट' हा शब्द याच भावकीतला. त्याच्या जन्माच्या वेळी यंत्र आसपाससुद्धा नव्हतं.

चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. बोहेमियाच्या कुळाने आठवड्यातले ठरावीक दिवस आपला बैल, आपली अवजारं आणि आपलं अंग घेऊन जमीनदाराच्या शेतावर राबायचं, ही ती रोबोता. १६८० साली शेतकऱ्यांनी बंड केलं, तेव्हा बादशहाने आठवड्याला तीन दिवसांची मर्यादा घातली. १७७५मध्ये पुन्हा बंड, पुन्हा नवं फर्मान. ती कायमची गेली १८४८ साली. म्हणजे १८९०मध्ये कारेल चापेक जन्मला, तेव्हा रोबोता भोगलेली माणसं गावात पारावर बसलेली असणार.

हा चापेक पुढे प्रागमध्ये पत्रकार आणि लेखक झाला. एकदा उपनगरातून ट्राममधून येताना त्याने पाहिलं, की माणसं आत आणि पायऱ्यांवर कोंबलेली आहेत आणि त्याचं कोणालाच काही वाटत नाही. मेंढरंही नव्हे, यंत्रं जशी. (विरार लोकलने जाणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.) त्यातून त्याला नाटक सुचलं. कारखान्यात माणसं बनतात, ती खपतात, राबतात. पण त्यांना म्हणायचं काय? मोठा भाऊ योसेफ चित्रकार होता. तो ईझलपुढे उभा, तोंडात ब्रश. कारेलने सांगितलं, 'लाबोरी' म्हणावंसं वाटतंय, पण ते फार पुस्तकी वाटतं. योसेफ ब्रश न काढताच पुटपुटला: मग रोबोट म्हण. ही हकीकत कारेलनेच १९३३ साली वर्तमानपत्रात छापली आणि श्रेय भावाच्या पदरात टाकलं. इतक्या आळसात इतका टिकाऊ शब्द क्वचितच जन्मला असेल.

नाटक १९२० साली छापून आलं आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला. नाव 'आर. यू. आर.', म्हणजे रोसुमची सार्वत्रिक रोबोट कंपनी. 'रोझुम' म्हणजे अक्कल, तेव्हा कंपनीचा मालक अक्कलराव! थोरल्या रोसुमला देवाची गरज नाही हे दाखवून देण्यासाठी हुबेहूब माणूस घडवायचा होता. धाकटा पडला इंजिनिअर. माणसाला फिडल वाजवावंसं वाटतं, फिरायला जावंसं वाटतं, याचा कापड विणण्याशी काय संबंध, असा त्याचा हिशेब. ते सगळं वगळून जे उरलं तो रोबोट. लक्षात घ्या, या रोबोटात एकही चाक नाही, स्क्रू नाही. तो मांसासारख्या लगद्याचा. कणकेसारखा तो लगदा मळतात, यकृतं आणि मेंदू पिंपांत तयार होतात, नसा सूतगिरणीत कातल्या जातात.

विनोद तिथेच पेरलेला आहे. रोबोटांची बाजू घेऊन भांडायला आलेली हेलेना टंकलेखिका सुल्लाला माणूस समजते आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना रोबोट. सुल्ला माणूस नाही हे पटवायला व्यवस्थापक डोमिन तिला चिरून दाखवायलाही तयार! सुल्ला हे नाव एका रोमन सेनापतीचं, पुरुषाचं. दुसऱ्या एका रोबोटाचं नाव मारियुस, म्हणजे त्या सेनापतीचा हाडवैरी. डोमिनला वाटलेलं, ती प्रेमिकांची जोडी. जग चालवायला निघालेल्या माणसाचं वाचन इतकंच. रोबोटांना वेदना द्यायचं ठरतं, तेही दयेपोटी नाही: दुखत नसल्यामुळे ते स्वतःचे हात मोडून घेतात आणि मालाचं नुकसान होतं. मला तरी अख्ख्या नाटकातली ही सर्वांत थंड डोक्याची जागा वाटते. शेवटी रोबोट उठतात आणि माणसांना संपवतात. आल्क्विस्ट हा एकच वाचतो, कारण तो स्वतःच्या हातांनी बांधकाम करतो. आपला माणूस म्हणून सोडलेला बिगारी, दुसरं काय!

१९२२ साली न्यूयॉर्क, १९२३ साली लंडन असा शब्द निघाला आणि वाटेत त्याच्या अंगावर पत्रा चढला. सप्टेंबर १९२८मध्ये लंडनच्या एका प्रदर्शनाचं उद्घाटन एरिक नावाच्या ॲल्युमिनियमच्या पुतळ्याने केलं. उठून उभा राहिला, बोलला, दातांतून निळ्या ठिणग्या उडवल्या. छातीवर अक्षरं होती आर. यू. आर. चापेक वैतागला. १९३५ साली त्याने लिहून कळवलं, की दातेरी चाकांचे बाहुले मी कधी घडवलेच नाहीत. ऐकतो कोण! १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला आयझॅक असिमोव्हने आपल्या कथांत या पत्र्याच्या नोकराला तीन नियम घालून दिले. त्यातला दुसरा माणसाची आज्ञा पाळण्याचा. रोबोता गेली होती, पण तिचा कायदा नव्याने लिहिला गेला.

मराठीनेही 'यंत्रमानव' करताना यंत्रच पाहिलं. 'वेठ्या' म्हटलं असतं तर मूळ शब्दाच्या जवळ गेलो असतो, पण वेठ आपण प्रवाशांसाठी राखून ठेवली आहे. संप झाला की त्यांना वेठीस धरलं जातं. चेक भाषेने मात्र फरक ठेवलाय. चापेकच्या रोबोटांचं अनेकवचन सजीव पुल्लिंगाचं, कारखान्यातल्या यंत्रांचं निर्जीव पुल्लिंगाचं, आणि लिहिताना दोन्हींचं शेवटचं अक्षर वेगळं. आणि स्वयंपाकघरातल्या फूड प्रोसेसरला तिथे सरळ 'कुखिन्स्की रोबोट' म्हणतात. कणीक मळणारा वेठ्या.

कारेल चापेक २५ डिसेंबर १९३८ रोजी गेला. पुढच्या मार्चमध्ये नाझी प्रागमध्ये शिरले, तेव्हा गेस्टापो त्याला पकडायला त्याच्या घरी आले. तो मेलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं. योसेफला १ सप्टेंबर १९३९ रोजी, महायुद्ध सुरू झालं त्याच दिवशी उचललं. आधी डाखाऊ, मग बुखेनवाल्ड, मग साक्सेनहाउसेन. डाखाऊ आणि साक्सेनहाउसेनच्या फाटकांवर लोखंडी अक्षरांत लिहिलेलं होतं, की काम माणसाला मुक्त करतं. त्यातला कामासाठीचा जर्मन शब्द 'आर्बाइट'. भाषाशास्त्रज्ञ त्याचं मूळ रोबोताच्या मुळाशी नेऊन भिडवतात. योसेफ शेवटी बेर्गेन-बेल्सेनच्या छावणीत १९४५च्या एप्रिलमध्ये मेला.