१४२८५७ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर



आकडा म्हटला की आपल्या वस्तीत पगार, सावकार आणि मटका आठवतो. पगाराचा आकडा कधी पुरला नाही, आणि बाकीच्या दोघांनी किती घरं बसवली ते सांगायला नको. म्हणून आज एका वेगळ्या आकड्याचा आणि एका शाळामास्तरांचा इतिहास सांगतो.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूला झाला. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाची आवड. मुलाने त्यातली आकडेमोड तेवढी उचलली. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. १९२९ ला बी.एस्सी. झाले. १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवले. मोठी पदवी नाही, म्हणून इथल्या बऱ्याच विद्वानांनी त्यांच्या कामाकडे लक्ष दिले नाही. मास्तर थांबले नाहीत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला देवळाली कळली.

त्यांच्या नावाने 'कापरेकर संख्या' ओळखल्या जातात. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५! आता मोठी संख्या घ्या, १४२८५७. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तुकडे २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करून बघा, १४२८५७ च येते.

हीच संख्या गणितात आधीपासून आणखी एका गुणासाठी प्रसिद्ध आहे. तिला २ ने गुणा, २८५७१४. ३ ने, ४२८५७१. ६ ने, ८५७१४२. तेच सहा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात बदलते. आणि ७ ने गुणले की ९९९९९९.

कुणी म्हणेल, चमत्कार आहे. मुळीच नाही. १ ला ७ ने भागत जा. बाकी येते ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सातने भागल्यावर बाकी सहाच प्रकारची उरू शकते, म्हणून चक्र फिरून जागेवर येते. आणि भागाकारात आकडे पडतात १४२८५७. गिरणीतला पट्टा कुठूनही धरा, पट्टा तोच.

कापरेकरांचा ६१७४ तर जगप्रसिद्ध. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. मोठ्यापासून लहान असे मांडून त्यातून उलटी मांडणी वजा करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तसेच करा. आपल्या धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ घेऊ :
९६५१ − १५६९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

पण यात १९५६ चा शुभशकुन शोधू नका. बसवरचा नंबर घेतला तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ च येणार. शुभ आकडा, अशुभ आकडा सांगून पैसे उकळणारे आजही दारात येतात. त्यांच्यापुढे पाटी ठेवा आणि म्हणा, करून दाखवा.

आपण वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. या आणि स्वतः पाहा. मास्तरांचे गणित तसेच आहे. पदवी लागत नाही, मशीन लागत नाही, पेन्सिल आणि पाठकोरा कागद पुरतो. रविवारी विहारात पोरांना एकत्र बसवा, हे गणित करू द्या. गणिताची भीती गेली, तर त्यांना आकड्यात फसवणे कुणाला जमणार नाही.

जयभीम!