एकरुख, नळदुर्ग आणि दख्खनचा जलविहार

सोलापूर शहराची वस्ती मागे टाकून तुळजापूरच्या रस्त्याला लागले, म्हणजे काही मैलांवर हिप्परग्याचा तलाव लागतो, आणि त्यापुढे थोड्याच अंतरावर, धाराशिव जिल्ह्याची सरहद्द ओलांडल्यावर, तामलवाडी येते. अश्विनातील पौर्णिमेस तुळजाभवानीच्या दर्शनासाठी याच रस्त्याने असंख्य भाविक पायी जातात. जे पाणी पाहून त्यांच्या थकल्या पायांना क्षणभर थांबावेसे वाटते, ते निसर्गदत्त सरोवर नसून अधिला नदीवर मातीचे धरण घालून अडवलेले पाणी आहे. सरकारी दप्तरात त्याचे नाव एकरुख तलाव. 1866 साली सुरू झालेले हे काम 1871 च्या सुमारास पुरे झाले. पूर्ण भरल्यावर सहा चौरस मैलांहून अधिक विस्तारणारा हा तलाव त्या काळी मुंबई इलाख्यातील सर्वांत मोठ्या कृत्रिम जलाशयांत गणला जाई, आणि त्याच्यातून कालवे काढून सोलापूरच्या परिसरातील शेतांना पाणी देण्यात आले.

ज्या राष्ट्राच्या अभियंत्यांनी हे कालवे काढले, त्याच राष्ट्रात त्या वेळी शेकडो मैलांच्या कालव्यांतून नावा चालत होत्या, आणि आज त्याच कालव्यांवर सहकुटुंब नौकाविहार करणे हा तेथील सामान्य माणसाचा आवडता विरंगुळा होऊन बसला आहे. मग आमच्या कालव्यांत एकही नाव का दिसली नाही, हा प्रश्न कोणाही जिज्ञासू माणसाला पडावा असा आहे. त्याचे उत्तर इंग्रजांच्या औदासीन्यात शोधण्यापेक्षा या भूमीच्या घडणीत शोधणे मला अधिक न्याय्य वाटते.

इंग्लंडातील कालवा हा मुळात रस्ता आहे. 1761 साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर याच्या खाणींतील कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी जेम्स ब्रिंडली याच्या देखरेखीखाली जो कालवा खुला झाला, त्याने त्या देशात कालव्यांचे युगच सुरू केले. त्या कालव्यांतील पाणी वाहते नसते. ते एका पातळीत स्थिर उभे असते, आणि जेथे जमीन चढते वा उतरते तेथे दोन दरवाज्यांमधील हौदात पाणी भरून किंवा सोडून नाव वरखाली नेण्याची लॉकची योजना असते. या हौदांच्या मापानेच तेथील नावेचे माप ठरले: रुंदी जेमतेम सात फूट आणि लांबी सत्तर फुटांच्या आसपास. काठाच्या पायवाटेवरून घोडा दोर ओढीत चाले आणि टनावारी माल सावकाश पुढे सरके. पुढे आगगाडी आली, मालाची भाडी उतरली, तेव्हा किनाऱ्यावरचे घर परवडेनासे झालेले नावाडी बायकामुलांसह नावेतच राहू लागले. आणि त्या अरुंद खोलीच्या दारांवर, पेट्यांवर, पाण्याच्या डब्यांवर गुलाबाची फुले व किल्ले रंगवण्याची जी लोककला त्या काळी बहरली, ती आजही तेथील नावांवर पाहावयास मिळते.

दख्खनच्या कालव्याचा धर्म निराळा आहे. येथे कालवा म्हणजे शेतीचे पाणी, आणि त्या पाण्यावर पाणीपट्टी. ते पाळीने सुटते, पाळी संपली की कालवा कोरडा पडतो. उतारावरून ते वाहावे लागते, ठिकठिकाणी ते धबधब्यासारखे खाली टाकावे लागते, आणि प्रत्येक दारातून थोडे थोडे कमी होत शेवटच्या शेतापर्यंत ते एखाद्या पाटाएवढेच उरते. अशा पाण्यात नाव चालवायची, तर शेतकऱ्याच्या वाट्याचे पाणी नावेखाली उभे करून ठेवावे लागेल, आणि ज्या मुलखात 1876 च्या दुष्काळाने माणसे व गुरे पटापट मेली, त्या मुलखात असे पाणी राखून ठेवण्याची कल्पनाही कोणा शहाण्या अंमलदारास सुचणे शक्य नव्हते. सर आर्थर कॉटन यांच्यासारखा द्रष्टा अभियंता जलवाहतुकीचा कैवारी होता हे खरे, आणि गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, जेथे जमीन सपाट व पाणी मुबलक, तेथे त्यांच्या कालव्यांतून नावा चालल्याही. परंतु दख्खनच्या पठारावर, तुंगभद्रेतून काढलेल्या कर्नूल–कडप्पा कालव्यात हाच प्रयोग एका खाजगी कंपनीने केला, तेव्हा तो तोट्यात गेला आणि 1882 साली सरकारला तो कालवा विकत घ्यावा लागला. पठाराने आपला निकाल असा स्पष्ट दिला.

म्हणून आमच्याकडे पाण्यावरचा आनंद कालव्यावर न येता बांधामागे साठलेल्या पाण्यावर आला. पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाखाली बंड गार्डनजवळ नदीवर बांध पडल्यामुळे जे संथ पाणी तयार झाले, त्यावर 1868 साली कॅनॉट बोट क्लब स्थापन झाला. पण तो साहेबलोकांचा होता. पुढे 1928 साली अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब निघाला आणि वल्हे मराठी विद्यार्थ्यांच्या हाती आले. त्याच्याही कितीतरी आधी नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले व त्यात बेटावर बाग उठवली. सवाई माधवरावांच्या काळात 1784 साली त्या बेटावर गणपतीची स्थापना झाली, आणि तीच आजची सारसबाग. पंढरपुरी भीमेच्या पात्रात कोळी नावाडी वारकऱ्यांना विष्णुपदाकडे घेऊन जातात. त्या फेरीत भक्ती किती आणि विहार किती याची वाटणी मी करू पाहत नाही, परंतु गावी परतलेली म्हातारी माणसे दर्शनाइतकीच त्या नावेची हकिकत सांगतात, हे अनेकांनी ऐकले असेल.

तथापि या साऱ्यांहून मला अधिक विलक्षण वाटते ते तामलवाडीच्याच तुळजापूर तालुक्यातील नळदुर्ग. बोरी नदीचे पात्र मुख्य किल्ला आणि समोरचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामध्ये सापडले आहे, आणि तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत 1613 साली सुमारे 90 फूट उंचीचा दगडी बांध घालून नदी अडवली गेली. शत्रूस अटकाव व्हावा आणि गडाला पाणी मिळावे, हे या बांधाचे लष्करी प्रयोजन उघड आहे. परंतु जो राजा संगीताचा वेडा होता, ज्याने स्वतः गीते रचून त्यांचा ‘किताब-ए-नौरस’ सिद्ध केला, त्याचे तेवढ्याने समाधान झाले नाही. बांधाच्या पोटातच महाल कोरल्यासारखा बांधण्यात आला, खाली उतरण्यास पायऱ्या ठेवल्या, आणि नदी भरून वाहू लागली की बांधावरून कोसळणारी धार महालाच्या गवाक्षांसमोरून पडावी, तरी आत बसलेल्या माणसाच्या अंगावर पाणी येऊ नये, अशी योजना केली. नर आणि मादी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन सांडव्यांतून पावसाळ्यात पाणी उड्या घेते, तेव्हा आजही हजारो लोक पाहावयास लोटतात. संरक्षणाच्या इमारतीतच सौंदर्यासाठी जागा राखणारी अशी दृष्टी मला इंग्लंडच्या कोणत्याही कालव्यात आढळत नाही.

या किल्ल्याने राज्ये बदललेली पाहिली. 1853 च्या तहाने नळदुर्गाचा मुलूख निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. मेडोज टेलर हा व्यासंगी अधिकारी तेथे काही वर्षे कारभार पाहत होता, आणि त्याने आपल्या आठवणींत या किल्ल्याविषयी आस्थेने लिहिले आहे. 1860 मध्ये मुलूख निजामास परत मिळाला. म्हणजे एकरुखाचे धरण सुरू झाले तेव्हा त्याचा तलाव इंग्रजी हद्दीत होता आणि त्याला पाणी पुरवणाऱ्या ओढ्यानाल्यांचा वरचा भाग, तामलवाडीच्या बाजूचा, निजामी अंमलात होता. पाण्याला अर्थातच ही सरहद्द कधी कळली नाही.

इंग्लंडचे कालवे आज जे विहारस्थान झाले आहेत, ते सरकारच्या कृपेने झालेले नाहीत, ही गोष्ट आमच्या ध्यानात यायला हवी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते गाळाने भरत चालले होते, काही तर बुजवले जाणार होते. एल. टी. सी. रोल्ट याने ‘क्रेसी’ नावाच्या नावेतून प्रवास करून 1944 साली ‘नॅरो बोट’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते वाचून लोकांचे लक्ष वेधले गेले, आणि 1946 मध्ये रॉबर्ट एकमन व रोल्ट यांनी अंतर्देशीय जलमार्गांसाठी संघटना स्थापली. 1962–63 च्या कडाक्याच्या हिवाळ्यात कालवे गोठून मालवाहतुकीचा उरलासुरला व्यवसायही जवळजवळ संपला, तरी स्वयंसेवकांनी हाती कुदळ-फावडे घेऊन गाळ उपसला, दरवाजे दुरुस्त केले, आणि 1964 साली स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग पुन्हा खुला झाला. 1968 च्या कायद्याने विहारासाठी राखावयाचे जलमार्ग निश्चित केले. 2012 पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग एका धर्मादाय न्यासाच्या हवाली आहेत. व्यापाराने टाकून दिलेल्या कालव्यांवर प्रेम करणारी माणसे निघाली नसती, तर हा सारा ठेवा आज मातीखाली गेला असता.

आमच्याकडे प्रेम करावयास कारण अधिक आहे, कारण हिप्परग्याचे पाणी सोलापूरकरांच्या घागरीत गेले आहे आणि शेतकऱ्याच्या ज्वारीलाही पोहोचले आहे. तलावात गाळ साठतो, दुष्काळी वर्षी तळ उघडा पडतो. नळदुर्गात अलीकडे नौकाविहाराची सोय झाली असली, तरी त्या नावांखालचे पाणी स्वच्छ राहील आणि महालाच्या चिऱ्यांतून झाड उगवणार नाही, याची काळजी कोणी तरी सतत वाहिली पाहिजे. तलाव भरलेला असेल, तर नावही चालेल आणि शेतही पिकेल. या दोहोंत विरोध नाही. म्हणून माझी विनंती एवढीच, की उन्हाळ्यात पाणी आटून गाळ उघडा पडला असता तामलवाडी, हिप्परगे आणि नळदुर्ग येथील तरुणांनी व स्थानिक स्वराज्य संस्थांनी तो उपसून शेतात नेण्याचे काम आपले मानावे, आणि दर्शनास जाणाऱ्या भाविकाने त्या पाण्यात निर्माल्य व प्लॅस्टिक टाकू नये.